प्रकरण अकरावे

भट्टी विझवायची नसते,
हे मला पहिल्याच आठवड्यात ऑर्विल ट्रुअ‍ॅक्सने सांगितलं.
विझली की आतली काच थिजते,
थिजताना विटांना धरून बसते
आणि विटांसकट फुटते.
म्हणून संप असो, नाताळ असो, मागणी नसो,
गॅस चालू ठेवायचा.
काच काढायची नाही, नुसती धग राखायची.

मी भट्टीवर नव्हते. मी बिलं बघायची,
ओहायो नदीकडे पाठ करून,
एकवीस वर्षं.

फेब्रुवारीत कंपनीने अर्ज केला
डेलावेअरच्या कोर्टात,
जिथे आमच्यातलं कुणी कधी गेलेलं नव्हतं.
कायद्याच्या पुस्तकातलं सातवं प्रकरण म्हणजे
लिलाव, कुलूप, भंगारवाले.
अकरावं म्हणजे
बारा वाजायला अजून थोडा अवकाश आहे.

एका रात्रीत फोन गप्प झाले.
बँक, गॅसवाले, खोकीवाले,
सगळे उचललेल्या पावलावर थांबले,
पोरांच्या खेळात कुणीतरी ‘स्टॅच्यू’ म्हणावं तसे.
खोटं कशाला बोलू,
त्या रात्री मी वर्षभरात पहिल्यांदा सलग झोपले.

मग वकील आले.
त्यांच्या एका तासात माझा आख्खा आठवडा मावत होता.
त्यांचे पैसे आधी द्यायचे, असा नियमच आहे:
आजाऱ्याच्या घरी
डॉक्टरचं पान पहिलं.

लीलंड प्रुसॅक आम्हाला वाळू द्यायचा.
दोन ट्रक, एक मुलगा,
येणं एक्केचाळीस हजार तीनशे ऐंशी डॉलर.
कागदात तो ‘विनातारण धनको, वर्ग चार’.
वर्ग चारला डॉलरमागे नऊ सेंट.
तो माझ्या खिडकीशी आला, टोपी हातात,
ओरडला असता तर बरं झालं असतं.
म्हणाला, डोरीन,
वाळू तर माझी सगळीच्या सगळी वितळली ना?

तरी मतपत्रिकेवर त्याने ‘मान्य’वर खूण केली.
नाही मामापेक्षा काणा मामा बरा,
आणि भट्टी विझली असती तर
पुढची वाळू त्याने कुणाला विकली असती?

तीनशे चाळीस माणसांची एकशे एकतीस झाली.
यादी कँटीनच्या दाराला लावली,
खाली त्या दिवसाचा मेन्यू तसाच राहिला होता:
वाटाण्याचं सूप.
ऑर्विलचं नाव यादीत होतं.
त्याचं निवृत्तिवेतन एका जाड लिफाफ्यातून
बारीक होऊन आलं.

न्यायाधीशांनी योजना मंजूर केली.
वर्तमानपत्राने लिहिलं, यशस्वी पुनर्रचना.
फाटकावर नवं नाव, नवा निळा रंग,
खालचा जुना हिरवा
कोपऱ्यात अजून दिसतो.

गेल्या महिन्यात कोलंबसहून एक मुलगी आली,
विद्यापीठाची, नम्र, बुटांना आमचा चिखल.
तिच्या फॉर्मवर प्रश्न होता:
प्रक्रियेची परिणामकारकता, एक ते पाच.
मी एकशे एकतीस घरांतले दिवे मोजले,
त्यात माझंही एक.
तीन लिहिलं.
मग ऑर्विल आठवला, रात्री पार्किंगमध्ये गाडी लावून
धुराड्यावरच्या नारिंगी उजेडाकडे बघत बसणारा,
काच खाली करून, थंडीत.
तीन खोडलं.
तिला म्हटलं, पोस्टाने पाठवते.

प्रुसॅकचा चेक मीच काढला होता:
तीन हजार सातशे चोवीस डॉलर वीस सेंट.
त्याने तो अजून भरलेला नाही.
दर महिन्याला बँकेशी ताळा जुळवताना
तेवढी एक ओळ मी पुढच्या पानावर ओढते.
एकशे ऐंशी दिवसांनी चेक आपोआप मरतो.
आज एकशे बेचाळिसावा.

खिडकीची तावदानं थरथरतायत,
म्हणजे भट्टी चालू आहे.